चिमटा, कोट आणि खिदमतीचा हिशेब

'खिदमत' हा शब्द आपल्या समाजात फार आदराने उच्चारला जातो. आईवडिलांची खिदमत, पाहुण्याची खिदमत, आजारी शेजाऱ्याची खिदमत. अल्लाहचे हक्क आणि बंद्यांचे हक्क, म्हणजे हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद, ही विभागणी आपण लहानपणापासून वाजमध्ये ऐकत आलो आहोत. पण खिदमत म्हणजे रोजच्या जगण्यात नेमके काय, ती कोण करतो, कोणासाठी करतो आणि तिची नोंद कुठे होते, हे प्रश्न आपण फारसे विचारत नाही. साहित्यात तर नाहीच नाही. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्या लेखनात तलाक आला, दंगल आली, दारिद्र्य आले, अस्मितेचा प्रश्न आला. हे सगळे यायलाच हवे होते. मात्र घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रोज सकाळी उठवून बसवणारा हात आपल्या कथांतून क्वचितच दिसतो. हा हात शोधण्यासाठी मी तीन पुस्तकांकडे वळतो आहे. तिन्ही वाचकांच्या परिचयाची आहेत, पण ती एकत्र ठेवून वाचली जात नाहीत.

पहिली प्रेमचंदांची 'ईदगाह'. ही कथा १९३३ ची. शाळेच्या हिंदी पाठ्यपुस्तकांतून ती कित्येक पिढ्यांनी वाचली आहे आणि तिचे 'तात्पर्य' सगळ्यांना पाठ आहे: हामिदने स्वतः काही न खाता दादीसाठी चिमटा आणला, म्हणून हामिद त्यागी. परीक्षेत एवढ्यावर गुण मिळतात. पण त्यागाच्या या तात्पर्याने कथेतली मुख्य गोष्ट झाकली जाते असे मला वाटते. त्याग हामिदचे मित्रही करू शकले असते. त्यांच्याकडे पैसे जास्त होते. मोहसिनकडे पंधरा पैसे, महमूदकडे बारा, हामिदकडे फक्त तीन. हामिदकडे जास्त होते ते एकच. तव्यावरून भाकरी उतरवताना दादीची बोटे भाजतात हे त्याने पाहिले होते आणि लक्षात ठेवले होते. चिमटा ही पुढची गोष्ट. आधी पाहणे आहे.

हे पाहणे किती दुर्मिळ आहे ते प्रेमचंदांनी कथेच्या सुरुवातीलाच सांगून ठेवले आहे, पण आपण ते ओलांडून मेळ्याकडे पळतो. हामिदचा बाप पटकीने गेला. आई मात्र हळूहळू पिवळी पडत गेली आणि एक दिवस मरून गेली. तिला काय झाले होते ते कोणालाच कळले नाही. ती काही बोलली नाही, आणि बोलली असती तरी ऐकायला कोण होते, असे लेखक विचारतो. केवढी भयंकर गोष्ट किती सहज सांगितली आहे! एक बाई सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळी पडते आणि कोणाच्या ती ध्यानात येत नाही. त्याच बाईचा चार-पाच वर्षांचा मुलगा दादीच्या भाजलेल्या बोटांची आठवण ठेवून तीन कोसांवरून चिमटा घेऊन येतो. आईची पिवळी कातडी ज्या गावाला दिसली नाही, त्या गावातल्या पोराला दादीची बोटे दिसली. कथेचे खरे वजन या दोन गोष्टींच्या मध्ये आहे. 'त्याग' हा शब्द तिथपर्यंत पोहोचत नाही.

दुसरी गोष्ट नमाजची. ईदगाहवर ओळीत उभे राहिलेल्या माणसांत लहानमोठा कोणी नाही, गरीब-श्रीमंत कोणी नाही, हे प्रेमचंद मनापासून भारावून लिहितात. आपल्याकडे हा भाग अभिमानाने वाचला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु त्यानंतर लगेच काय घडते? सजद्यातून उठलेली हीच मुले मेळ्यात शिरतात आणि ओळ मोडते. आता ज्याचा त्याचा खिसा. मोहसिन हामिदपुढे रेवडी धरतो, हामिद हात पुढे करतो, तेव्हा मोहसिन ती स्वतःच्या तोंडात टाकतो आणि बाकीची पोरे टाळ्या पिटतात. मुलांचीच थट्टा ती. तरीही प्रेमचंदांनी ती नमाजनंतर ठेवली आहे हे विसरता येत नाही. खांद्याला खांदा लावून उभे राहणे ही बरोबरीची सुरुवात आहे. शेजारच्या खांद्याचा मालक सकाळपासून उपाशी आहे का, हे पाहणे त्यापुढचे काम आहे. एक गोष्ट मोकळ्या मनाने नोंदवली पाहिजे. परतीच्या वाटेवर महमूद आपल्या केळ्यांत फक्त हामिदला वाटेकरी करून घेतो. तोपर्यंत हामिदच्या चिमट्याने वादात सगळी खेळणी हरवलेली असतात. म्हणजे त्याला वाटा मिळतो तो भूक लागली म्हणून नव्हे, तो जिंकला म्हणून. प्रेमचंद इथे एक शब्दही टीकेचा लिहीत नाहीत. वाचकाने समजायचे.

हामिदवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. एवढे लहान मूल इतके शहाणे असेल काय? आक्षेप गंभीर आहे. कथेच्या शेवटी लेखक मुलाला म्हातारा आणि म्हातारीला मूल करून टाकतो, तिथे थोडी अतिभावुकताही आहे. पण मधला भाग नीट वाचला तर हामिद काही फरिश्ता नाही. खेळण्यांसाठी त्याचा जीव तुटतो, ती हातात घेऊन पाहावीत असे त्याला वाटते. मातीची खेळणी काय, पडली की फुटणार, अशी तो स्वतःची समजूत घालतो. मित्रांवर मनातल्या मनात चिडतो. चिमटा पाहून दादी किती खूश होईल, किती दुआ देईल याची चित्रे रंगवतो. दुकानदाराशी भावही करतो. सहा पैशांची वस्तू तीन पैशांत मागताना त्याची छाती धडधडते. काळजी घेणाऱ्या माणसाच्या मनात हेवा, राग, कौतुकाची हाव सगळे असते, आणि तरीही काळजी खरी असते. हे प्रेमचंदांना ठाऊक होते. आपल्या वाजमधली खिदमत मात्र इतकी पवित्र असते की तिच्यात माणूस शिल्लक राहत नाही.

आता दुसरे पुस्तक. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिले तेही १९३३ सालीच. पुस्तक निघाले १९३५ मध्ये. एका वर्षी, एकमेकांपासून शेकडो मैलांवर, दोन लेखक गरीब घरातल्या मुलाची आणि त्याला वाढवणाऱ्या बाईची गोष्ट लिहीत होते. एक घर मुसलमानाचे, दुसरे कोकणातल्या ब्राह्मणाचे. दोन्ही घरांत चणचण सारखीच. श्यामही खाऊचे पैसे साठवतो आणि धाकट्या भावासाठी कोट शिवून आणतो. चिमटा आणि कोट ही सख्खी भावंडे आहेत. कोणत्याही मराठी शाळेत हे दोन धडे शेजारी शेजारी शिकवता येतील, आणि हामिद कोणाचा व श्याम कोणाचा हा प्रश्न मुलांना पडणारही नाही.

परंतु 'श्यामची आई'मधला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग कोटाचा नाही, अळणी भाजीचा आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. जेवायला बसलेले वडील काही न बोलता ती भाजी चवीने खातात. दिवसभर चुलीपुढे राबलेल्या बाईला ताटावर बसून उणे काढून दाखवायचे नाही, एवढेच त्यामागे असते. आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळते आणि तिला वाईट वाटते. इथे कोणी काही दिलेले नाही, पैसा खर्च झालेला नाही, कोणी उपाशी राहिलेले नाही. फक्त एक वाक्य बोलले गेले नाही. आपल्या घरांत दस्तरखानावर बसून मीठ-मिरचीवरून आवाज चढवणारे किती असतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा. खिदमतीच्या गोष्टी सांगताना आपण नेहमी बाईने काय करावे ते सांगतो. या प्रसंगात पुरुष काहीतरी करतो, आणि तेही गाजावाजा न करता. हामिदही अखेर मुलगाच आहे. मुलाने बंदूक, शिपाई सोडून चुलीजवळची वस्तू विकत घेणे ही प्रेमचंदांची साधी वाटणारी पण धीट कल्पना आहे.

साने गुरुजींच्या पुस्तकातली काळजी कुठे थांबते तेही पाहायला हवे. वाटेत एका म्हाताऱ्या महार बाईची मोळी पडते आणि ती डोक्यावर चढवायला कोणी पुढे येत नाही. श्यामची आई श्यामला ती उचलून द्यायला पाठवते, आणि त्यानंतर अंघोळ करायलाही सांगते. त्या काळी त्या आळीत हे करायलाही धैर्य लागत होते, यात शंका नाही. गुरुजींनी पुढे १९४७ मध्ये पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी उपोषण केले, तेव्हा ते स्वतः या अंघोळीच्या फार पुढे गेले होते. पण पुस्तकातला प्रसंग आपल्याला एक कसोटी देतो. मदत केल्यावर आपण मनातल्या मनात कुठे हात धुतो? जकात देताना, कामवालीला ईदी देताना, बिरादरीबाहेरच्या शेजाऱ्याला ताट पाठवताना ही अंघोळ आपणही करत असतो. शेरखुर्मा जातो, पण ताट कोणते निवडले जाते ते पाहावे.

या दोन्ही पुस्तकांत एक उणीव सारखीच आहे. अमीना काय विचार करते ते प्रेमचंद सांगतात. पोराच्या पायांत जोडे नाहीत, एवढी वाट चालून त्याला फोड येतील, आपण बरोबर गेलो तर मधून मधून त्याला उचलून घेता येईल, पण मग शेवया कोण शिजवणार, हे तिचे मन त्यांनी अचूक टिपले आहे. दोन आण्यांतले तीन पैसे पोराच्या खिशात आणि पाच बटव्यात, हा हिशेबही दिला आहे. तरीही तो लेखकाने मांडलेला हिशेब आहे. श्यामच्या आईचा हिशेब मुलाने मांडला, तोही ती गेल्यानंतर आणि डोळ्यांत पाणी आणून. जिने आयुष्यभर काळजी वाहिली, ती स्वतः बोलू लागली तर काय सांगेल?

मराठीत अशी एक मुसलमान बाई बोलली आहे. मेहरुन्निसा दलवाई यांचे 'मी भरून पावले आहे' हे आत्मकथन १९९५ मध्ये आले. हमीद दलवाईंच्या विचारांविषयी आपल्या वाचकांत टोकाची मते आहेत, आणि तो वाद इथे उकरायचा नाही. त्या वादामुळे मेहरुन्निसाबाईंचे पुस्तक मात्र नेहमी 'दलवाईंविषयीचे पुस्तक' म्हणून वाचले गेले, हा तिच्यावर अन्याय झाला. ते एका नोकरी करणाऱ्या बाईचे पुस्तक आहे. नवरा समाजकार्यासाठी फिरतो आहे, घर तिच्या पगारावर उभे आहे, मुली वाढवायच्या आहेत, आणि पुढे नवऱ्याची मूत्रपिंडे निकामी होतात तेव्हा ते दीर्घ आजारपणही तिलाच काढायचे आहे. हमीद दलवाई १९७७ च्या मे महिन्यात गेले. चळवळीच्या इतिहासात मोर्चे, परिषदा, भाषणे यांची नोंद आहे. ज्या पगारावर ती भाषणे झाली त्याची नोंद या पुस्तकात आहे.

पुस्तकाच्या नावाकडेही लक्ष द्यावे. 'भरून पावलो' हे आपल्या भाषेत दिलेले पुरे परत मिळाल्यावर म्हणायचे शब्द. देण्याघेण्याची भाषा आहे ती. आयुष्यभर देत राहिलेली बाई शेवटी म्हणते की माझे येणे मला मिळाले. हे समाधान खरे मानावे की सोसण्यावर घातलेले पांघरूण समजावे, यावर वाचकांचे दुमत होईल. मला ते खरे वाटते. मात्र ते तिने स्वतः म्हटले आहे म्हणून खरे वाटते. तेच वाक्य तिच्यावतीने दुसऱ्या कोणी लिहिले असते तर मी त्यावर विश्वास ठेवला नसता. आपल्या आया-दाद्यांविषयी आपण अशी किती वाक्ये परस्पर लिहून टाकली आहेत!

तिन्ही पुस्तकांतून हाती काय येते? मराठीत 'काळजी' या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. काळजी करणे आणि काळजी घेणे. उर्दूत आपण एकाला फिक्र म्हणतो, दुसऱ्याला खयाल. अमीना दिवसभर काळजी करते, कारण तिच्या हातात दुसरे काही नाही. हामिद काळजी घेतो, तीन पैशांत बसेल एवढी. समाज म्हणून आपण काळजी पुष्कळ करतो. कौमची काळजी, दीनची काळजी, तालीमची काळजी. ठराव होतात, जलसे होतात. काळजी घेणे मात्र अजूनही एखाद्या सुनेवर, एखाद्या न लग्न झालेल्या लेकीवर सोपवून आपण मोकळे होतो, आणि मग जन्नत आईच्या पायांखाली असल्याचे व्यासपीठावरून सांगतो.

साहित्याकडे परत येतो. आपल्या नव्या लेखकांनी मोठे प्रश्न सोडावेत असे मी म्हणणार नाही. दंगलीवर कथा लिहावीच. पण कर्फ्यूच्या तीन दिवसांत लकवा झालेल्या सासऱ्याचे औषध कोणी आणले, दूध कोणाच्या दारातून आले, मधल्या भिंतीवरून ताट कोणी सरकवले, हेही त्या कथेत यावे. तलाकच्या कथेत बाईचे अश्रू येतात. तिच्या मुलांना त्या रात्री कोणी जेवू घातले ते येत नाही. हे आले तर आपली कथा सौम्य होईल अशी भीती काहींना वाटते. 'ईदगाह' सौम्य आहे काय? पिवळ्या पडलेल्या आईविषयीची तिच्यातली चार वाक्ये कोणत्याही घोषणेपेक्षा जास्त बोचतात. हामिदच्या चिमट्याच्या पोटात ती आई आहे. आपल्या लेखकांनी आधी ती पाहावी, मग चिमट्याकडे जावे.