दुसऱ्या लोलकाचे काय?

मराठीतल्या विज्ञानविषयक पुस्तकांत न्यूटनच्या लोलकाची गोष्ट बहुतेक एकाच साच्यात येते. अंधारी खोली, खिडकीच्या फळीला पाडलेले भोक, त्यातून आलेला कवडसा, मध्ये धरलेला लोलक आणि समोरच्या भिंतीवर 'तानापिहिनिपाजा'. पुढच्याच वाक्यात पांढरा प्रकाश सात रंगांचा असल्याचे सिद्ध झालेले असते. प्रयोग हा जणू एक क्षण, आणि तो एकदाच घडायचा. या प्रयोगाचे पुढे काय झाले ते मी काही वर्षे जमेल तसे वाचतो आहे, आणि या कथनाबद्दल माझी तक्रार आहे. त्यात दुसरा माणूस आणि दुसरा लोलक कधी येतच नाही.

न्यूटनने फेब्रुवारी 1672 मध्ये रॉयल सोसायटीचे चिटणीस ओल्डेनबर्ग यांना पत्र लिहिले, त्यात आकडे आहेत. भिंत लोलकापासून 22 फूट. तिच्यावरची रंगीत आकृती सव्वातेरा इंच लांब आणि दोन पूर्णांक पाच अष्टमांश इंच रुंद, म्हणजे पाचपट लांब. सूर्य गोल असताना आकृती लांबट का, हा त्याचा मूळ प्रश्न. मग त्याने एकेका रंगाचा किरण दुसऱ्या लोलकातून नेला. तो आणखी फुटला नाही. या प्रयोगाला त्याने निर्णायक म्हटले.

लिएज शहरात इंग्रज जेझुइटांचे एक महाविद्यालय होते. तिथल्या फ्रान्सिस लाइन यांनी न्यूटनचे निरीक्षणच नाकारले. लांबट आकृती ढगांमुळे दिसत असावी, असे त्यांचे म्हणणे. ते 1675 मध्ये वारले. एप्रिल 1676 मध्ये रॉयल सोसायटीने सभासदांसमोर प्रयोग करवला आणि न्यूटनचे म्हणणे खरे ठरले. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण लाइन यांच्या जागी लिहू लागलेल्या अँथनी लूकस यांचे पत्र आले. त्यांनाही आकृती लांबट दिसली होती, मात्र रुंदीच्या तीन किंवा साडेतीन पट. पाचपट नव्हे. शिवाय स्वतःचे आणखी अनेक प्रयोग त्यांनी जोडले होते.

न्यूटनने लोलकाचे कोन आणि बाजू तपासायला सांगितल्या, आणि वर बजावले की प्रयोगांची संख्या मोजायची नसते, वजन पाहायचे असते. एकाने काम होत असेल तर पुष्कळ कशाला? हे वाक्य ऐकायला भारदस्त आहे आणि अर्धे खरे आहे. त्याच लोलकाने तोच माणूस शंभरदा मोजत बसला तर त्याच्या हाताची चूक कमी होते. लोलकातच काही असेल तर ते शंभरदा तसेच उतरते. ही आवृत्ती झाली. दुसऱ्याने दुसऱ्या गावी, दुसऱ्या काचेने करून पाहणे हा पडताळा. आपण दोन्हींना 'पुनरावृत्ती' म्हणतो आणि फरक हरवून बसतो.

लूकस यांचा आकडा बहुधा काचेमुळे वेगळा आला. सगळे पारदर्शक पदार्थ अपवर्तनाच्या एकाच प्रमाणात रंग फाकवतात, असे न्यूटन धरून चालला होता. म्हणूनच भिंगांच्या दुर्बिणीतली रंगीत कड कधी जाणार नाही, असे त्याचे मत झाले. प्रत्यक्षात काचेकाचेचे अपस्करण वेगळे असते. त्याचाच उपयोग करून चेस्टर मूर हॉल यांनी आणि त्यांच्यानंतर, 1758 मध्ये, जॉन डॉलंड यांनी दोन प्रकारच्या काचा जोडून रंग जवळजवळ घालवणारे भिंग पुढे आणले. लिएजचे पत्र तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे झाले होते.

म्हणून लूकस बरोबर आणि न्यूटन चूक, असे मी म्हणत नाही. रंगांबद्दलचे मुख्य म्हणणे न्यूटनचेच टिकले. फ्रान्समध्ये मारिऑट यांना 1681 च्या सुमारास जांभळ्या किरणातून पुन्हा दुसरे रंग निघताना दिसले. पुढे 1714 मध्ये डेझाग्युलिए यांनी लंडनमध्ये तोच प्रयोग नीट करून दाखवला. किरण पुरेसा वेगळा काढला नाही तर फसगत होते, हे त्यातून कळले. पण अडचण इथेच आहे. चांगला लोलक कोणता? न्यूटनचे उत्तर देतो तो, असे म्हटले की पडताळ्याला अर्थच उरत नाही. मारिऑट यांच्या बाबतीत दोष मांडणीत होता आणि लूकस यांच्या बाबतीत बहुधा काचेत काही नवे होते. हे आधी कोणालाच ठाऊक नव्हते. प्रत्येक वेगळा आकडा स्वतंत्र तपासावा लागतो, आणि ते काम कंटाळवाणे असते.

बारावीच्या प्रॅक्टिकलमध्ये टाचण्या टोचून आम्ही लोलकाचा न्यूनतम विचलन कोन काढत होतो. आमचा कोन तीन अंशांनी चुकला. गेल्या वर्षीचे जर्नल बघून लिहा, असे सांगण्यात आले. आम्ही लिहिले, गुणही मिळाले. टाचण्या वाकड्या होत्या की त्या लोलकाची काच निराळी होती, हे कोणी पाहिले नाही. आमच्या आधीच्या तुकडीनेही बहुधा तसेच लिहिले असेल. ज्या पुस्तकांत लूकस नाहीत ती वाचून शिकलेल्या शिक्षकांना आणि मुलांना यात काही खटकावे तरी कसे?

न्यूटनलाही शेवटी कंटाळा आला. 1678 मध्ये त्याने कळवले की या विषयावरची लूकस यांची पत्रे यापुढे आपल्याकडे पाठवू नयेत.