उशिरा पोचलेलं स्वातंत्र्य कसं साजरं करायचं?

आमच्या प्रोजेक्टचा क्लायंट ह्यूस्टनचा आहे. त्यामुळे मी पुण्यात हिंजवडीत बसून अमेरिकेच्या सुट्ट्या पाळतो. १९ जूनला रात्रीचा कॉल नसतो, कॅलेंडरवर ‘जूनटीन्थ’ लिहिलेलं असतं. पहिल्या वर्षी त्या रात्री मी फक्त लवकर झोपलो. दुसऱ्या वर्षी हे नेमकं काय आहे ते शोधून वाचलं, आणि वाचताना सारखं वाटत राहिलं की ही गोष्ट आपण आधी ऐकलीय. देवणीत ऐकलीय.

गुलामांच्या मुक्तीचा लिंकनचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३चा. टेक्सासातल्या गॅल्व्हस्टनला जनरल ग्रेंजर फौज घेऊन आला आणि मुक्तीचा आदेश निघाला तो १९ जून १८६५ला. मधे अडीच वर्षं गेली. भारत स्वतंत्र झाला १५ ऑगस्ट १९४७ला, आणि निजामानं शरणागती पत्करली १७ सप्टेंबर १९४८ला. मधे तेरा महिने गेले.

गुलामगिरी आणि संस्थानी राजवट एका तराजूत घालता येत नाहीत, मला घालायच्याही नाहीत. पण दोन्हीकडचा उशीर एकाच जातीचा आहे. बातमी उशिरा पोचली, असं आपण सहज म्हणतो. ते खरं नाही. टेक्सासच्या मळेवाल्यांना जाहीरनामा ठाऊक होता, तो अमलात आणायला कुणी नव्हतं. आपल्याकडेही १५ ऑगस्ट सगळ्यांना ठाऊक होता. स्वामी रामानंद तीर्थ त्याच ऑगस्टात तुरुंगात गेले. उशिरा पोचली ती फौज.

आता माझा मुद्दा. पुस्तकाची, सिनेमाची समीक्षा आपण करतो, तशी सणाचीही करता येते. हा दिवस काय सांगतो, काय गाळतो, कुणाला बोलावतो, ते तपासता येतं. त्या कसोटीवर आपला १७ सप्टेंबर मला कच्चा वाटतो.

गावाकडे निदान शाळेत झेंडा तरी असतो. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात मुख्यमंत्री ध्वजारोहण करतात. पुण्यात आलं की हा दिवसच गायब होतो. २०२४ साली १७ सप्टेंबरला इथे सगळं बंद होतं, पण ते अनंत चतुर्दशीमुळे. लक्ष्मी रस्त्यावर मिरवणूक बघताना लातूर-नांदेडची आम्ही सहा पोरं होतो, त्यातल्या एकालाही दुपारपर्यंत तारीख आठवली नाही. पुढच्या वर्षी एका हॉलमधल्या कार्यक्रमाला मुद्दाम गेलो. दोन तासांत सत्कार झाले, शाली झाल्या, ‘मराठवाड्याचा अनुशेष’ झाला. शेवटी सेल्फी पॉइंट. तेरा महिन्यांत काय घडलं यावर एकूण दहा मिनिटं, आणि त्यातही फक्त पराक्रम.

ह्यूस्टनमध्ये काय होतं? तिथल्या मुक्त झालेल्या लोकांनी १८७२ साली वर्गणी काढून दहा एकर जमीन घेतली, कारण हा दिवस साजरा करायला त्यांना हक्काची जागा नव्हती. ते ‘इमॅन्सिपेशन पार्क’ आजही आहे. विकेंडला लोक तिथे जमतात, मांस भाजतात, लाल सरबत पितात, कलिंगड कापतात, जुन्या लोकांच्या आठवणी ऐकतात. आणि गॅल्व्हस्टनमध्ये तो आदेश मोठ्यानं वाचला जातो.

तिकडे सगळं सोन्यासारखं आहे असं नाही. २०२१ला देशभर सरकारी सुट्टी जाहीर झाली आणि २०२२लाच वॉलमार्टनं जूनटीन्थचं आइस्क्रीम बाजारात आणलं. लोकांनी झापल्यावर मागे घेतलं. सणाची बाजारपेठ व्हायला वेळ लागत नाही. पण त्या आदेशाचं वाचन मला महत्त्वाचं वाटतं. कारण त्यात नुसती मुक्ती नाही. आता आहात तिथेच गुपचूप राहा, मजुरीवर काम करा, लष्करी छावण्यांपाशी गोळा होऊ नका, आळशी बसलात तर कुणी पोसणार नाही, असंही त्यात बजावलंय. म्हणजे स्वातंत्र्य देतानाच लगाम घातलाय. पूर्ण आदेश वाचला की तेही ऐकावं लागतं.

आपण काय वाचतो? रझाकारांचे अत्याचार आपण सांगतो आणि ते सांगितलेच पाहिजेत. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरातच वकिली करायचा. पण १७ सप्टेंबरनंतरचं पान आपण उलटतच नाही. भारत सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं अंदाज दिला होता, की पोलीस ॲक्शनमध्ये आणि तिच्यानंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. त्यात बहुसंख्य मुसलमान होते. सर्वांत जास्त झळ बसलेले जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. आजचं लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, उदगीर-देवणीचा पट्टा बीदरमध्ये. म्हणजे आपलंच घर. हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवल्याच्या नोंदीही त्याच अहवालात आहेत. तो कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही.

मी आज्जीला फोन केला. ती तेव्हा आठेक वर्षांची होती.

“काय करूलालास रे? जेवलास का?” तिनं आधी तेच विचारलं. मग म्हणाली, “आधी आम्ही ज्वारीत लपलाव. मग त्येंनी लपले.”

“ते म्हणजे कोण?”

“शेजारचे.”

“मग?”

“मग काय, घर मोकळं झालं.”

एवढंच. अठ्ठावीस वर्षांत तिनं मला यातलं पहिलं वाक्य किती तरी वेळा सांगितलं होतं. दुसरं मी कधी विचारलंच नव्हतं.

मुक्तीचा आनंद यानं कमी होत नाही. निजामाची सत्ता जायलाच हवी होती, आणि ती घालवायला सामान्य माणसांनी तुरुंग भोगला, जीव दिला. पण देवणीतला माझा शाळासोबती १७ सप्टेंबरला झेंड्याखाली माझ्या शेजारीच उभा असायचा, आणि त्याच्या आज्जीची गोष्ट त्या माइकवर कधीच आली नाही. ज्या सणात शेजारच्याला गप्प उभं राहावं लागतं, तो सण मला अर्धाच वाटतो. या तारखेच्या नावावरही एकमत नाही. सीमेपलीकडे कर्नाटकात ती ‘कल्याण कर्नाटक उत्सव’ आहे, तेलंगणात सरकार बदललं की नाव बदलतं. नावाचं भांडण नेत्यांना करू दे. आपण आपल्या विकेंडचं बघू.

पुण्यात राहणाऱ्यांसाठी माझी सूचना साधी आहे. १७ सप्टेंबरच्या जवळचा रविवार धरा. कुणाच्या तरी फ्लॅटवर जमा. धपाटे आणि शेंगाची चटणी करा, लाल सरबताची उसनवारी नको. अनंत भालेरावांच्या ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या पुस्तकातली चार पानं मोठ्यानं वाचा. मग सुंदरलाल अहवालातली चार वाचा. मग प्रत्येकानं आपापल्या आज्जीला फोन लावा, स्पीकरवर.

यंदा आम्ही हे करणार आहोत. शाळासोबत्यालाही बोलावलंय, तोही आता वाकडलाच असतो. फोनवर त्यानं फक्त एवढंच विचारलं, “माझ्या आज्जीलाबी लावायचा का फोन?”

“लावायचा,” मी म्हणालो.