शवासनाचा श्लोक आणि शेजारचा श्लोक

'हठप्रदीपिका' या ग्रंथात शवासनाविषयी फार मोठा दावा नाही. प्रेतासारखे उताणे पडून राहिल्याने थकवा जातो आणि चित्ताला विसावा मिळतो, एवढेच म्हटले आहे. लगेच आधीच्या श्लोकात मात्र मयूरासनाने कालकूट विषदेखील पचते असे सांगितले आहे. धर्मपरंपरेतून आलेली आरोग्यवचने वैद्यकाच्या कसोटीवर घासताना हीच अडचण येते. पडताळण्याजोगे विधान आणि अशक्य विधान शेजारी शेजारी असते.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांच्या सहकाऱ्यांनी यातले पडताळण्याजोगे विधान निवडले. उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्यांनी १९६९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषध न घेणाऱ्या १० रुग्णांचा (वरचा व खालचा मिळून काढलेला) सरासरी दाब १३४ मिलिमीटरवरून १०७ वर आला. औषधाने दाब आटोक्यात असलेल्या २२ जणांपैकी १३ जणांना पूर्वीच्या सुमारे एक तृतीयांश औषध पुरू लागले. ग्रंथाचा हवाला न देता रक्तदाबमापकाला साक्षीला बोलावले, हे या अभ्यासाचे मोल आहे.

त्यातील उणीवही सांगायला हवी. शवासन न करणाऱ्या रुग्णांचा तुलनागट त्यात नव्हता. दाब वारंवार मोजला, डॉक्टरांनी आस्थेने लक्ष दिले, तरीही तो काहीसा उतरतो. इंग्लंडमधील डॉ. चंद्रा पटेल यांनी १९७५ साली ३४ रुग्णांचे यदृच्छेने दोन गट पाडले. शिथिलीकरण व ध्यान शिकलेल्या गटाचा वरचा दाब सुमारे २६ मिलिमीटरने उतरला. तुलनागटाचाही सुमारे ९ ने उतरलाच. हा ९ चा आकडा तुलनागटाशिवाय कळला नसता.

वाकोल्याजवळच, सांताक्रूझ पूर्वेला असलेल्या योग संस्थेच्या संशोधकांनी डॉ. रा. द. लेले आदींसह २००४ साली हृदयविकाराच्या ११३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ४२ जणांचा तुलनागट होता. वर्षभरात योगगटाचे कोलेस्टेरॉल २३.३ टक्क्यांनी घटले, तुलनागटाचे ४.४ टक्क्यांनी. पण आहार, ताणनियंत्रण आणि योग एकत्र दिल्यामुळे श्रेय कशाला किती, हे त्यातून ठरत नाही.

एक श्लोक कसोटीला उतरला म्हणून शेजारचा आपोआप उतरत नाही, आणि एक खोटा ठरला म्हणून सारा ग्रंथ टाकाऊ होत नाही. हा विवेक सुटला की रुग्ण शवासनाच्या भरवशावर स्वतःच गोळ्या बंद करतो आणि पक्षाघात ओढवून घेतो. दात्यांच्या रुग्णांचे औषध दाब मोजून कमी केले होते, हे विसरू नये.

शिक्षकांनी वर्गात हे करून पाहावे. चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. एकाने दहा मिनिटे शवासन करावे, दुसऱ्याने नुसते शांत बसावे. दोहोंची नाडी आधी व नंतर मोजावी. फरक निघो वा न निघो, दुसरा गट कशासाठी, हे विद्यार्थ्यांना कळले म्हणजे पाठ झाला.