तंबोरा कोणी घडवला?

मिरजेच्या संगीताविषयी मराठीत जे लिहिले जाते ते उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांपासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. ते साहजिकही आहे. उत्तरेतल्या किराण्याचा हा गवई मिरजेचा झाला. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना त्यांचा इंतकाल झाला, पण दफन मिरजेत, ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात. उर्सात त्यांच्या स्मरणार्थ तिथे संगीत सभा भरते. तिकीट नाही. ज्या दर्ग्यावर पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाचा आहे, तिथे गाणे ऐकायला जात विचारली जाणार तरी कशी?

पण माझी तक्रार आपल्या समीक्षेविषयी आहे. घराणी, गायकी, शिष्यपरंपरा यांवर पानेच्या पाने भरतात. गायकाच्या मागे जो तंबोरा झंकारतो तो कोणाच्या हातचा, हे कोणी लिहीत नाही. दर्ग्यापासून फार लांब नसलेल्या सतारमेकर गल्लीत शिकलगारांची घरे आहेत. हत्यारांना धार लावणारी ही जमात. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून ती वाद्यांकडे वळली. भीमाकाठचा कडू भोपळा वाळवायचा, कापायचा, दांडीला जोडायचा. हे झाले सुतारकाम. खरा हुनर जवारीत. घोडीचा माथा कानशीने इतका हलका घासायचा की तार त्याला नुसती चाटून जावी. एक हात जास्त फिरला की आवाज बसतो. याला पट्टी नाही, माप नाही, फक्त कान. ज्याला सूर कळत नाही त्याला जवारी काढता येत नाही. म्हणून या माणसाला मी कारागीर म्हणून बाजूला ठेवणार नाही. तोही संगीतकारच आहे.

संग्रहालयांतही हेच होते. काचेमागे वाद्य असते, पाटीवर त्याचे नाव असते, कधी ते वाजवणाऱ्याचेही. करणाऱ्याचे क्वचितच. शिवाय काचेमागच्या सतारीची जवारी कोण बघणार? ती मुकीच. व्यासपीठांवर मात्र 'ऐक्याचे प्रतीक' म्हणून मिरजेचा गौरव होतो, टाळ्या पडतात. तंबोऱ्याला भाव काय मिळतो, हे त्या भाषणात येत नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, मग मोबाइलमधला आला. रियाजाला तेवढा पुरतो.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. चांगले झाले. पण ते गावाच्या नावाला मिळाले. माणसांची नावे अजून लिहायची आहेत. ती आपण तरी लिहिली का? दलित साहित्याने आपल्या माणसांचे हात, त्यांची अवजारे, कामाचा वास कागदावर आणला. आपल्या कथा-कवितांत फाळणी आहे, तलाक आहे, दंगल आहे, कानस नाही. गाणे जाइज की नाजाइज, या कुजबुजीला भिऊन आपण गप्प राहिलो असू, असे मला वाटते.

माझ्या वर्गातल्या एका मुलाला मी वडिलांचा व्यवसाय विचारला. वाद्ये करणाऱ्याचा मुलगा. खाली मान घालून म्हणाला, "सर, अब्बा लकडी का काम करते।" मी हजेरीपटात 'वाद्यनिर्माता' लिहिले. त्याने तो शब्द दोनदा वाचला.