जाळी कुठे गेली? : प्राणिसंग्रहालयातल्या बिबट्याच्या एका छायाचित्राविषयी

मागच्या व्याख्यानात प्रत्यक्ष प्रमाणाविषयी बोलताना आम्ही पडद्यावर बिबट्याचं एक छायाचित्र लावलं होतं. विषयाशी त्याचा संबंध बेताचाच होता. चित्र आम्ही स्वतः काढलेलं, ते चारचौघांना दाखवायची हौस, हे खरं कारण. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी जवळ येऊन विचारलं, "सर, हा जुन्नरकडचा का?" आम्ही नुसते हसलो. त्यांनी त्या हसण्याचा अर्थ 'हो' असा घेतला. तो तसाच घ्यावा, अशी आमचीही इच्छा होती, हे आज कबूल करतो.

तो बिबट्या प्राणिसंग्रहालयातला होता. तिकीट काढून, रांगेत उभं राहून, एका शाळेची सहल पुढे सरकेपर्यंत वाट पाहून काढलेला. आज ज्या प्रकारच्या छायाचित्रांची चिकित्सा करायची आहे, तिची सुरुवात स्वतःच्याच चित्रापासून केलेली बरी.

आधी ते कसं काढतात ते सांगतो, कारण सगळी गोम त्यात आहे. बिबट्या झाडावर चढतो, भिंतीवर चढतो. त्यामुळे वाघ-सिंहासारखं त्याला नुसत्या खंदकापलीकडे मोकळं ठेवता येत नाही. त्याला वरूनसुद्धा जाळी लागते. तेव्हा छायाचित्रकार काय करतो? लांब पल्ल्याची लेन्स घेतो, अपर्चर होईल तेवढं उघडतो आणि लेन्स जाळीच्या जितकी जवळ नेता येईल तितकी नेतो. जाळीच्या त्या भागावर ऊन नसावं, नाहीतर तार चमकते आणि चित्रावर धुरकट पडदा येतो. मग जनावर जाळीपासून लांब, मागच्या भिंतीच्याही थोडं पुढे येईपर्यंत थांबायचं. 200 मिलिमीटरची लेन्स एफ 2.8 वर उघडली, की तिचं भोक साधारण 71 मिलिमीटर रुंद होतं. तार असते दोन-तीन मिलिमीटरची. बिबट्याकडून येणारा प्रकाश त्या तारेच्या आजूबाजूने आरामात आत शिरतो आणि तार विरघळून जाते. आपल्या डोळ्याची बाहुली भर उजेडात दोन ते चार मिलिमीटरची; तिला हे जमत नाही. म्हणजे बघा, तिथे उभ्या असलेल्या कोणत्याही माणसाला जे दिसत नाही, ते त्या चित्रात दिसतं: जाळी नसलेला बिबट्या. मागची हिरवी रंगवलेली भिंतही धूसर होते आणि तिचं रान होतं.

यात खोटं काय आहे? चित्रात काहीच घातलेलं नाही. बिबट्या खरा, ठिपके खरे, डोळ्यांतला तो पिवळा उजेडही खरा. प्रश्न विचारायचा तो 'जे दिसत नाही' त्याच्याविषयी. आमच्या विषयात यासाठी एक जुनं हत्यार आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती 'अनुपलब्धी' हे वेगळं प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तिथे घट नाही, असं आपण जाणतो. पण आपले पंडित काही भोळे नव्हते. त्यांनी अट घातली: वस्तू तिथे असती तर ती दिसली असती, अशी परिस्थिती हवी. तिला म्हणतात योग्य-अनुपलब्धी. अंधारात घट दिसला नाही म्हणून घट नाही, असं म्हणता येत नाही. पिशाच्च दिसत नाही म्हणून पिशाच्च नाही, असंही त्या न्यायाने सिद्ध होत नाही, कारण ते असतं तरी दिसणार नव्हतंच. (हशा.) आता ही अट आमच्या चित्राला लावा. जाळी दिसत नाही. पण ती असती तर दिसली असती का? नसती. दिसू नये अशीच सगळी व्यवस्था आम्ही केली होती. पाहणाऱ्याला ती व्यवस्था ठाऊक नाही. तो प्रामाणिकपणे आपलं रोजचं प्रमाण वापरतो आणि चुकीच्या ज्ञानावर पोचतो. आम्ही त्याच्याशी एक शब्दही खोटं बोललो नाही. त्याच्या विचार करण्याच्या चांगल्या सवयीचाच आम्ही फायदा घेतला, आणि म्हणूनच हे आम्हाला जास्त लागतं.

जाळीचं एवढं होतं. पण आणखी एक गोष्ट चित्रातून नाहीशी होते, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

तो बिबट्या चालत होता. छायाचित्रात त्याचा पुढचा उजवा पाय उचललेला आहे, मान खाली, नजर सरळ. पाहणारे म्हणतात, वा, काय ऐट! प्रत्यक्षात तो डाव्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या हौदापासून लोखंडी दरवाजापर्यंत जात होता, तिथे वळत होता आणि परत येत होता. दर वेळी त्याच जागी, त्याच खांद्यावरून वळत होता. जमिनीवर त्याच्या पायांनी पाऊलवाट पडलेली होती. आम्ही तिथे सव्वातीन तास होतो. पहिल्या वीस मिनिटांत आम्हाला कळलं, की तो कुठे वळणार. मग काय, त्या वळणावर आधीच फोकस लावून ठेवला आणि बोट बटणावर ठेवून उभे राहिलो. रानात असं कधी होत नाही. रानातला बिबट्या तुम्हाला असा हिशोब मांडू देत नाही. म्हणजे ज्या दुखण्यामुळे तो जनावर असा फेऱ्या घालतो, त्याच दुखण्याने आमचं चित्र सोपं केलं.

दुखणं हा शब्द आम्ही उगाच वापरत नाही. रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या दोघींनी 2003 साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की निसर्गात ज्या मांसाहारी प्राण्यांचा वावर जितका दूरवर असतो, तितकं त्यांचं बंदिवासातलं हे फेऱ्या घालणं अधिक. आता कॅमेऱ्याचं शटर पाचशेव्या हिश्शाला उघडून मिटतं. तेवढ्या वेळात फेरी मावत नाही. एक पाऊल मावतं. पुनरावृत्ती हाच त्या कैदेचा आकार, आणि स्थिर चित्राला नेमकी तीच दाखवता येत नाही. लेन्सने जाळी पुसली, शटरने फेऱ्या पुसल्या. उरला रुबाब.

जाता जाता डरकाळीच्या चित्रांविषयी. प्राणिसंग्रहालयात काढलेल्या ज्या चित्रांत वाघ-सिंह जबडा उघडून दात दाखवत असतो, त्यांतली पुष्कळशी जांभईची असतात. दुपारच्या वेळी डोळे बारीक, जीभ वळलेली दिसली, की ओळखावं. जांभई भिंतीवर टांगली की तिची डरकाळी होते. असो.

हे पुसण्याचं काम छायाचित्रकारांनी सुरू केलं, असंही नाही. कार्ल हागेनबेक या जर्मन जनावरांच्या व्यापाऱ्याने 1907 मध्ये हॅम्बुर्गजवळ स्टेलिंगेनला आपलं प्राणिसंग्रहालय उघडलं. त्यात गजांऐवजी खंदक होते, आणि ते अशा बेताने खणलेले की समोरून दिसूच नयेत. सिंह आणि त्याच्यापुढे चरणारी जनावरं एकाच देखाव्यात दिसत. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांनी तो कित्ता गिरवला. आता गज काढल्याने जनावराला मोकळी जागा मिळाली, हे मान्यच केलं पाहिजे. पण खंदक लपवला कुणासाठी? जनावराला तर तो रोज दिसतोच. लपवला तो आपल्यासाठी, तिकीट काढलेल्यांसाठी. आमची एफ 2.8 ची लेन्स म्हणजे हागेनबेकचा खिशात घालून नेता येणारा खंदक.

याच्या उलट काम कुणी केलंय का? केलंय. गॅरी विनोग्रँड हा न्यूयॉर्कचा छायाचित्रकार आपल्या मुलांना घेऊन सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयात जायचा. त्याचं 'द ॲनिमल्स' हे छोटं पुस्तक 1969 साली तिथल्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने काढलं. कृष्णधवल चित्रं, चौकट तिरपी, गज स्पष्ट, कठडा स्पष्ट, आणि कठड्याला टेकलेली माणसं जनावरांइतकीच कंटाळलेली. सुंदर म्हणावं असं त्यात थोडंच आहे. पण प्रत्येक चित्रात छायाचित्रकार कुठे उभा आहे, हे तुम्हाला कळतं.

आणि या विषयावर बोलायचं तर जॉन बर्जरला टाळता येत नाही. 'व्हाय लुक ॲट ॲनिमल्स?' हा त्याचा निबंध. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की माणूस आणि जनावर यांच्यातली नजरानजर प्राणिसंग्रहालयात संपलेली असते. तिथलं जनावर तुमच्या आरपार किंवा बाजूने बघतं. आमची वर्षानुवर्षं यावर श्रद्धा होती, शिकवलंही तसंच. पण त्या सव्वातीन तासांनंतर आम्हाला ते पूर्ण पटत नाही. बर्जर बोलतो ते येणाऱ्या-जाणाऱ्याविषयी. तो माणूस घटकाभर थांबतो, "झोपलाय वाटतं" म्हणतो आणि पुढे जातो. छायाचित्रकाराचं तसं नसतं. जाळीपाशी त्याच्याइतका वेळ दुसरं कुणी उभं राहत नाही. खाणं घालणारा कर्मचारीसुद्धा नाही, त्याला इतर पिंजरे असतात. फेऱ्या किती, वळतो कुठे, लंगडतो का, शिट्टी ऐकली की कान कुठे जातात, हे सगळं छायाचित्रकाराला ठाऊक होतं. त्या कैदेचा त्याच्याइतका चांगला साक्षीदार सापडणार नाही. आणि तोच साक्षीदार आपला पुरावा इतक्या कौशल्याने पुसतो! आमची तक्रार आहे ती ही.

यावर आमचे एक छायाचित्रकार मित्र चिडतात. ते म्हणतात, "अहो, ताडोब्याच्या सफारीचा खर्च बघा. आणि तिथे एका वाघिणीभोवती दहा-बारा जिप्सी उभ्या करून जे चालतं, त्यापेक्षा आमचा हा निरुपद्रवी उद्योग बरा नाही का?" बरा आहे. गुडघे गेलेल्या माणसाने प्राणिसंग्रहालयातच जावं. आम्हीही त्यासाठीच जातो. "स्टुडिओत फोटो काढताना मागचा पडदा पडदा आहे असं कुणी लिहितं का?" असंही ते विचारतात. नाही लिहीत. पण स्टुडिओत बसलेला माणूस उठून घरी जातो.

2009 च्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत कुंपणाच्या फाटकावरून उडी घेणाऱ्या लांडग्याचं चित्र पहिलं आलं. पुढे जानेवारी 2010 मध्ये ते बाद ठरलं, कारण तो लांडगा माद्रिदजवळच्या एका प्राणी उद्यानातला माणसाळलेला असावा, असा परीक्षकांचा निष्कर्ष झाला. छायाचित्रकार होसे लुईस रॉद्रिगेझ यांनी तो आरोप नाकारला. त्या वादात आम्हाला पडायचं नाही. बघण्यासारखं एवढंच, की चित्रातला एक ठिपकाही बदलला नव्हता, आणि तरी ते चित्र बदललं.

आता त्या श्रोत्यांच्या प्रश्नाकडे येतो. "जुन्नरकडचा का?" गंमत अशी, की जुन्नरचा बिबट्यासुद्धा आपल्या मनातल्या रानात राहत नाही. तो उसात राहतो. उसात त्याच्या माद्या वितात, तोडणीच्या वेळी पिल्लं सापडतात, गावकऱ्यांची कुत्री-शेळ्या जातात, कधी माणसंही जातात, मग वनखातं पिंजरा लावतं. पकडलेल्यांपैकी काही माणिकडोहच्या निवारा केंद्रात कायमचे राहतात. तेव्हा आमच्या चित्रातला जनावर कुठून आला, आईपासून कसा सुटला, हे विचारायला हवं होतं. पिंजऱ्यावरच्या पाटीवर त्याचं शास्त्रीय नाव होतं, आहार होता. तो कुठला, हे नव्हतं. आम्हीही विचारलं नाही. आम्ही उजेड बघत होतो.

ते श्रोते आज इथे आहेत की नाहीत, ठाऊक नाही. असले तर उत्तर ऐकावं: नाही, जुन्नरचा म्हणून काढलेला नाही, पिंजऱ्यातला आहे. आता पडद्यावर दुसरं चित्र लावतो आहोत. त्याच दिवसाचं, बरोबर आणलेल्या मोबाईलवर, चार पावलं मागे येऊन काढलेलं. डावीकडे हौद आहे, उजवीकडे दरवाजा. मधली ती फिकट पट्टी म्हणजे त्याची वाट. जाळी सगळीकडे आहे, बिबट्या नीट दिसत नाही, थोडं निरखून बघावं लागेल. वळणापाशी आहे तो. मागचे दिवे जरा घालवता का?