दोन स्कीमांचा सहवास : एफ-१ निबंधाचे परीक्षण

क्लाउडवरील सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सेवा न थांबविता चढविणे ही गोष्ट आता नित्याची झाली आहे. सर्व्हर स्वतःजवळ काही साठवीत नसेल तर ती सोपीही आहे. एकेक सर्व्हर बाजूला घ्यावा, त्यावर नवी आवृत्ती बसवावी व तो पुन्हा कामास लावावा. खरा पेच पडतो तो डेटाबेसचा स्कीमा, म्हणजे तक्ते, स्तंभ, इंडेक्स व निर्बंध यांची मांडणी, त्याच वेळी बदलावयाची असते तेव्हा. सर्व्हर अनेक असतात, ते एकाच क्षणी बदलत नाहीत, आणि डेटा मात्र सर्वांना सामाईक असतो. या पेचाचा काटेकोर विचार करणाऱ्या लेखनात इयान रे, एरिक रोलिन्स, जेफ शूट, सुखदीप सोधी व राडेक विंग्रालेक यांनी २०१३ च्या व्हीएलडीबी परिषदेत सादर केलेल्या निबंधाचे स्थान वरचे आहे. गूगलच्या जाहिरात-व्यवहारासाठी उभारलेल्या एफ-१ या डेटाबेसात स्कीमा चालू व्यवहारातच कसा बदलावा, हा त्याचा विषय. तथापि या निबंधाचे मर्म सोडून त्यातील पायऱ्या तेवढ्या उचलण्याची प्रवृत्ती दिसते. म्हणून त्याची चिकित्सा अवश्य ठरते.

स्कीमा-बदल म्हणजे एक क्षण, ही समजूत निबंध आरंभीच टाकून देतो. इंडेक्स जोडण्याचे उदाहरण घ्यावे. काही सर्व्हरांना नवा इंडेक्स ठाऊक आहे, काहींना नाही. नव्या सर्व्हरने एक ओळ घातली व इंडेक्समध्ये तिची नोंद केली. थोड्या वेळाने तीच ओळ पुसण्याची विनंती जुन्या सर्व्हरकडे आली. त्याच्या लेखी इंडेक्स अस्तित्वातच नाही. त्याने ओळ पुसली, नोंद तशीच राहिली. उलटपक्षी जुन्या सर्व्हरने घातलेल्या ओळीची नोंदच होत नाही, आणि नवा सर्व्हर इंडेक्सवर विसंबून शोध घेतो तेव्हा असलेली ओळ त्यास सापडत नाही. येथे कोणताही सर्व्हर चुकलेला नाही. प्रत्येकाने आपल्या स्कीमाप्रमाणे योग्य तेच केले, आणि तरी डेटा बिघडला. शिवाय सेवा क्षणभरही थांबली नाही. सेवा खंडित झाली तर ते निदान सर्वांना दिसते. हा बिघाड मात्र महिनोन् महिने दडून राहू शकतो.

निबंधकारांचा उपाय मधल्या अवस्थांचा आहे. पहिल्या अवस्थेत सर्व्हर इंडेक्समधील नोंद केवळ पुसू शकतो. घालीत नाही, वाचीत नाही. दुसरीत तो नोंद घालतो व पुसतो, पण वाचीत नाही. मग जुन्या ओळींच्या नोंदी मागाहून भरल्या जातात, आणि त्यानंतरच इंडेक्स वाचनास खुला होतो. कोणीही नोंद घालण्यापूर्वी सर्वांना ती पुसता यावी, आणि कोणीही वाचण्यापूर्वी सर्वांना ती घालता यावी, असा हा क्रम आहे. लगतच्या दोन अवस्था एकत्र नांदू शकतात. मधली गाळून जोडलेल्या दोन नांदू शकत नाहीत.

परंतु पायऱ्या हे निबंधाचे अर्धेच अंग. दुसरे अर्धे अंग असे की कोणत्याही वेळी दोहोंपेक्षा अधिक स्कीमा वापरात असूच शकत नाहीत. यासाठी प्रत्येक सर्व्हरला स्कीमा मुदतीच्या पट्ट्याने दिला जातो. मुदत संपण्यापूर्वी पट्टा नवा करून घेता आला नाही तर सर्व्हर स्वतःच बंद पडतो. सेवेचे अखंडत्व असे एखाद्या सर्व्हरला बंद पाडण्याच्या तयारीवर उभे आहे, ही गोष्ट निबंधाच्या प्रशंसकांकडून क्वचितच सांगितली जाते.

सामान्य प्रकल्पांत नेमके हेच अंग गळते. स्कॉट अ‍ॅम्बलर व प्रमोद सदलगे यांच्या २००६ च्या ग्रंथाने जुनी व नवी रचना काही काळ शेजारी ठेवण्याची पद्धत व्यवस्थित मांडली, आणि ती रास्त आहे. पण तो काळ संपला हे ठरविणार कोण? स्कीमाचे ज्ञान येथे सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये विखुरलेले असते. सर्व वेब-सर्व्हर बदलले तरी रात्री चालणारे एखादे हिशेबाचे काम जुन्याच कोडवर राहते, आणि तिसरी आवृत्ती नकळत जिवंत असते. साधने सुधारली आहेत, हे खरे. २०१८ च्या पोस्टग्रेस ११ पासून स्थिर मूल्यासह नवा स्तंभ जोडताना सगळा तक्ता पुन्हा लिहावा लागत नाही. तरीही तक्त्यावरील कुलूप क्षणभर लागतेच, आणि एखादे लांबलेले वाचन आड आले तर बदल थांबतो व त्यामागे इतर सर्व विनंत्या थांबतात. पण हा सोयीचा प्रश्न झाला. आवृत्त्या मोजण्याचा नव्हे.

निबंधाची स्वतःची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यातील निर्दोषतेची व्याख्या रचनेपुरती आहे: बेवारस नोंद नसावी, निर्बंध मोडलेला नसावा. 'रक्कम' हा स्तंभ रुपयांऐवजी पैशांत लिहावयाचे ठरले तर रचनेत काहीच बदलत नाही. व्याख्येप्रमाणे डेटा निर्दोष. प्रत्यक्षात मात्र दोन आवृत्त्यांच्या आकड्यांत शंभरपटीचे अंतर. येथे नवा स्तंभ काढून आधी सर्व आवृत्त्यांनी दोन्ही स्तंभ लिहावेत व जुनाच वाचावा. मागील ओळी भरल्यावर नवा वाचावा. आणि शेवटी जुन्यात लिहिणे थांबवावे. क्रम एफ-१ चाच, पण तो पाळण्याचा भार डेटाबेसवरून कोड लिहिणारावर आला. जुन्या स्तंभातील लेखन थांबले की मागे फिरण्याची वाटही बंद होते, कारण जुन्या आवृत्तीला नव्या ओळींत तेथे रिकामी जागाच मिळेल.

म्हणूनच पुष्कळ ठिकाणी ही शेवटची पायरी घेतलीच जात नाही. जुना स्तंभ वर्षानुवर्षे पडून राहतो, त्यात लिहिणेही चालू राहते, आणि तो अद्याप कोण वाचतो हे कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. एफ-१ मध्ये त्याचे उत्तर पट्ट्याच्या मुदतीनेच दिले असते.