'शोकांतिका' की 'वंशसंहार'?

१९४३ ते १९४५ या काळात वोलिन व पूर्व गॅलिशिया येथे युक्रेनी बंडखोर सेनेने हजारो पोलिश ग्रामस्थांना ठार केले. पोलिश भाषेत या घटनेसाठी 'कत्तल' या अर्थाचा शब्द रूढ आहे. युक्रेनी लेखनात ती 'वोलिनची शोकांतिका' म्हणून येते. मराठी वाचकास हा प्रदेश अगदीच परका नाही. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत आश्रयास राहिलेल्या सुमारे ५००० पोलांपैकी पुष्कळजण पोलंडच्या तत्कालीन पूर्व सीमाभागातूनच सोव्हिएत सत्तेने हद्दपार केलेले होते.

'शोकांतिका' ही संज्ञा साहित्यशास्त्राची आहे, आणि तेथे ती नायक मागते, त्याचा प्रमाद मागते. ११ जुलै १९४३ या एका रविवारी सुमारे शंभर वस्त्यांवर हल्ले झाले. तेथील शेतकऱ्यांचा प्रमाद कोणता? नित्याच्या बोलण्यात हा शब्द सैलपणे वापरला जातो हे खरे, परंतु राजकीय भाषेत सैल शब्द बहुधा जाणूनबुजून आलेला असतो. शोकांतिका 'घडते', ती कोणी 'करीत' नाही. कर्त्यास वाक्याबाहेर ठेवण्याची ही सोय युक्रेनी वक्तृत्वास मानवली, आणि पोलिश प्रतिहल्ल्यांत मेलेल्या हजारो युक्रेनींकडे बोट दाखविल्याने ती समर्थनीय ठरत नाही.

२००३ साली दोन्ही संसदांनी संयुक्त निवेदनात हाच सौम्य शब्द मान्य केला होता. पोलिश संसद २०१३ मध्ये 'वंशसंहाराची लक्षणे असलेले वांशिक उच्चाटन' येथवर आली, आणि २०१६ मध्ये विशेषण गळून केवळ 'वंशसंहार' उरला. मधल्या काळात, ९ एप्रिल २०१५ रोजी, पोलंडचे अध्यक्ष कोमोरोव्हस्की कीव्हच्या संसदेत भाषण करून गेले आणि त्याच दिवशी त्या संसदेने बंडखोर सेनेच्या सैनिकांना स्वातंत्र्ययोद्धे ठरविणारा कायदा संमत केला. पाहुण्याचा याहून मोठा अवमान योजूनही करता आला नसता.

वस्तुतः 'वंशसंहार' या कल्पनेचा जनक राफाएल लेमकिन हा आज युक्रेनमध्ये असलेल्या, तेव्हा पोलिश असलेल्या ल्विव नगरात कायदा शिकला. १९४४ साली प्रसिद्ध झालेली ही संज्ञा त्याने १९५३ मध्ये न्यूयॉर्क येथील भाषणात युक्रेनी जनतेच्या सोव्हिएत संहारासही लावली. २००६ साली युक्रेनच्या संसदेने १९३२-३३ च्या दुष्काळास हेच नाव दिले, आणि पोलंडने त्यास त्याच वर्षी दुजोरा दिला. मॉस्कोविरुद्ध जो शब्द दोघांना जोडतो, तोच वोलिनच्या संदर्भात त्यांना तोडतो. कारण तेथे तो शेजाऱ्याच्या कानासाठी कमी आणि घरच्या मतदारासाठी अधिक उच्चारला जातो.

२०२२ मध्ये पोलंडने युक्रेनला शस्त्रे दिली, दहा लाखांहून अधिक निर्वासितांना आसरा दिला. तरीही हा प्रश्न सुटल्याविना युक्रेनला युरोपीय संघात प्रवेश नाही, असे पोलंडच्या संरक्षणमंत्र्यांनी २०२४ मध्ये जाहीर केले. २०२५ मध्ये पोलंडने ११ जुलै हा 'वंशसंहारा'च्या बळींचा स्मृतिदिन कायद्याने ठरविला. कीव्हने नापसंती कळविली.

पोलिश शोधपथकांच्या उत्खननावर युक्रेनने २०१७ मध्ये घातलेली बंदी मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये उठली होती. तर्नोपिल प्रांतातील पुझ्निकी या नकाशावरून पुसल्या गेलेल्या गावी २०२५ च्या वसंतात किमान ४२ जणांचे अवशेष मिळाले. सप्टेंबरात, दोन्ही देशांच्या प्रतिनिधींसमोर, ते तेथेच पुरण्यात आले.